बाहुल्यांचा धनी

फराळाचे ताट पुढे असताना वाचावा असा हा विषय नव्हे, हे मी जाणून आहे. हेवी मेटल नावाच्या, कानठळ्या बसविणाऱ्या पाश्चात्त्य संगीतातले एक गाणे, आणि तेही व्यसनावरचे! परंतु दिव्यांच्या रात्री ज्या घरातल्या एका खोलीचे दार आतून बंद असते आणि आई एक ताट झाकून ठेवून जागत बसते, अशी घरे वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिली असतील. आजचे हे चार शब्द त्या दाराशी उभे राहून लिहिलेले आहेत, एवढे ध्यानात घेतले म्हणजे विषयाचे वावडे वाटणार नाही.

या गाण्याशी माझी गाठ घालून दिली ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. मुलगा हुशार, पण शिक्षणासाठी शहरात गेला आणि अमली पदार्थांच्या नादी लागला. व्यसनमुक्ती केंद्रात काही महिने काढून परतल्यावर एके संध्याकाळी तो माझ्याकडे आला. बोलता बोलता म्हणाला, "सर, तुम्ही वर्गात 'एकच प्याला' वाचून दाखवलं होतंत, तेव्हा मला सुधाकराची कीव आली होती. पण हे गाणं ऐकलं, तेव्हा मला स्वतःची भीती वाटली." एवढे बोलून त्याने आपला मोबाइल माझ्यापुढे ठेवला. माझे इंग्रजी शाळामास्तराचे, आणि संगीताचे ज्ञान गावच्या भजनी मंडळापुरते. तरीही कीव आणि भीती या दोन शब्दांमधले अंतर मला स्वस्थ बसू देईना. ते मोजून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

गाण्याचे नाव 'मास्टर ऑफ पपेट्स', म्हणजे बाहुल्यांचा धनी. मेटॅलिका या अमेरिकन वाद्यवृंदाने ते १९८५ सालच्या अखेरच्या महिन्यांत डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे ध्वनिमुद्रित केले, आणि ३ मार्च १९८६ रोजी त्याच नावाच्या संग्रहात ते प्रसिद्ध झाले. शब्द लिहिणारा आणि गाणारा जेम्स हेटफिल्ड तेव्हा अवघा २२ वर्षांचा होता. ड्रमवर लार्स उलरिक, गिटारवर कर्क हॅमेट आणि बेस गिटारवर क्लिफ बर्टन. यांपैकी बर्टन त्याच वर्षी २७ सप्टेंबरला स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला. वय वर्षे २४. संग्रहाच्या मुखपृष्ठावर पांढऱ्या क्रुसांच्या रांगाच रांगा असलेली दफनभूमी आहे. त्या क्रुसांना बांधलेल्या दोऱ्या वर आकाशातल्या दोन हातांत गेलेल्या आहेत. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ ज्याने पाहिला आहे, त्याला या चित्राचा अर्थ सांगावा लागत नाही.

आता मर्माकडे वळू. या गाण्यात बोलते कोण? व्यसनी माणूस नव्हे, त्याची बायको नव्हे, की उपदेश करणारा कोणी साधुपुरुष नव्हे. बोलते ती साक्षात नशा. आरशावर बारीक केलेल्या पुडीचा उल्लेख येतो, त्यावरून ती कोकेनची आहे हे कळते. ती आपल्या गुलामाला दरडावते, लवकर ये म्हणून हाकारते, आणि त्याच्या आयुष्याची मालकी आता कोणाकडे आहे ते त्याला बजावून सांगते. तिच्या बोलण्यात लाडीगोडी नाही. एकदा मासा गळाला लागल्यावर आमिषाची गरज काय?

गुलामाला तोंड फुटते ते एकदाच, गाण्याच्या मध्यावर. तो धन्याला जाब विचारतो, की कबूल केलेली ती स्वप्ने कोठे गेली? पण तक्रार संपते न संपते तोच तो त्याच धन्यापुढे पुन्हा हात पसरतो. व्यसनी माणसाच्या घरात राहिलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल. सकाळी शपथ, दुपारी पश्चात्ताप, आणि संध्याकाळी उसने पैसे! गाण्याच्या शेवटी ऐकू येते ते हसणे. कोण हसते हे वेगळे सांगायला नको.

हा सारा आशय शब्दांत जेवढा आहे तेवढाच वाद्यांतही आहे, आणि येथेच या गाण्याची खरी थोरवी मला दिसते. गिटारच्या तारा सामान्यतः वरून खाली आणि खालून वर अशा दोन्ही दिशांनी छेडतात. त्यात हाताला थोडा विसावा मिळतो. हेटफिल्ड येथे बहुशः वरून खालीच फटकारे मारीत जातो, आणि गती मिनिटाला २०० ठोक्यांच्याही वर! चाबूक जसा वरून खालीच पडतो, तसा हा हात पडतो. शिवाय कडव्यांमध्ये चार-चार ठोक्यांची मापे चालली असताना मध्येच एक माप आखूड पडते. अंधारात जिना उतरताना एक पायरी चुकावी, तसा ताल धरलेला आपला पाय अडखळतो. एकदा, दोनदा आपण सावरतो; पुढे पुढे त्या अडखळण्याचीच सवय होते, एवढेच नव्हे तर ते हवेसे वाटू लागते. दोरी कोणी ओढली हे आपल्याला कळलेलेही नसते.

साडेतीन मिनिटांच्या सुमारास हे सारे वादळ एकाएकी शमते. गिटारचे स्वच्छ, मंद सूर सुरू होतात. मग दोन गिटारी एकमेकींच्या गळ्यात हात घालून अशी काही करुणमधुर धून गातात, की आपण कोणते गाणे ऐकत होतो याचाच विसर पडावा. मला प्रथम वाटले, ही सुटका असावी. चौथ्यांदा ऐकताना उमगले, की ही सुटका नव्हे. हेच ते सुख, ज्याच्यापायी माणूस आईच्या पाटल्या विकतो. कारण या धुनीच्या पाठोपाठच गुलामाचा तो जाब येतो, आणि मग पुन्हा चाबूक. साडेआठ मिनिटांच्या गाण्यात सुखाला मिळालेला वेळ फार थोडा आहे; पण तो खोटा नाही. सुखच नसते तर कोण फसला असता?

येथे 'एकच प्याला' आठवतो. गडकऱ्यांचे हे नाटक १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आले. त्यात सुधाकराच्या पहिल्या प्याल्याला कारण आहे: कोर्टातला अपमान. प्याला पुढे करणारा माणूसही आहे: तळीराम. प्रेक्षक म्हणून आपण बसतो ते सिंधूच्या बाजूला, आणि तिच्या डोळ्यांनी सुधाकराचा ऱ्हास पाहतो. म्हणून आपल्याला कीव येते. मेटॅलिकाच्या गाण्यात कारण नाही, तळीराम नाही, पहिला प्यालाच नाही. तेथे आहे तो नेहमी पुढचा प्याला. आणि ऐकणाऱ्याला बसायला सिंधूची जागाच ठेवलेली नाही. धनी 'तू' म्हणून बोलतो, तो 'तू' आपणच असतो. म्हणून भीती वाटते.

यावर आक्षेप घेता येईल, आणि तो मी स्वतःच घेतो. धन्याचा आवाज एवढा रुबाबदार करून ठेवला, तर तरुण पोरे त्या रुबाबावरच भाळणार नाहीत काय? जलशांत हजारो मुले मुठी उंचावून त्या धन्याच्या नावाचा गजर करतात. ती सारी दोरी पाहतात, की नुसते नाचतात? दुसरे असे, की सिंधूला वगळल्यामुळे गाण्यातून घरच नाहीसे झाले. व्यसनाच्या दोऱ्या एकट्याच्या हातापायांना बांधलेल्या नसतात. बाहुली ओढली गेली की चूल, पोर, म्हातारी आई, सारीच फरफटत जातात. हे गडकऱ्यांना दिसले, या २२ वर्षांच्या पोराला दिसले नाही. ही उणीव लहान नाही.

त्याहून कठीण गोष्ट पुढेच आहे. इतके जाणून लिहिणारा हेटफिल्ड स्वतः तरी वाचला काय? २००१ साली दारू आणि इतर व्यसनांवरील उपचारांसाठी त्याला केंद्रात दाखल व्हावे लागले. त्या काळात वाद्यवृंद मोडण्याच्या बेतास कसा आला, ते २००४ सालच्या 'सम काइंड ऑफ मॉन्स्टर' या माहितीपटात पाहावयास मिळते. २०१९ साली तो पुन्हा उपचारांसाठी गेला, आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडचा दौरा पुढे ढकलावा लागला. म्हणजे धन्याची सारी कुळकथा ठाऊक असलेला माणूसही दोरीतून सुटलेला नव्हता. मग असल्या कलाकृतीचा उपयोग तो काय?

हा प्रश्न मी माझ्या विद्यार्थ्यालाच केला. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, डोक्यात जो आवाज मला हुकूम सोडायचा, तो माझाच आहे असं मी समजत होतो. या गाण्यात तो बाहेरून ऐकू आला, तेव्हा कळलं की हा दुसराच कोणीतरी आहे."

वाचकहो, माझ्या मते या गाण्याचे मोल एवढेच आहे आणि एवढे मोठे आहे. ते औषध नव्हे. दोरी तोडण्याचे बळ त्यात नाही. पण दोरी आणि हात या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे ते दाखवून देते. कीव आपल्याला त्या बंद दाराबाहेर उभे करते. भीती आत नेते, आणि आतल्या माणसाला त्याच्या धन्यापासून निराळे पाहावयास शिकविते. त्या दाराशी ताट घेऊन जागणाऱ्या आईलाही दोन्ही हवीत, असे मला वाटते.

निघताना मी त्याला विचारले, "अजून ऐकतोस का रे ते?"

"ऐकतो," तो म्हणाला. "पण मधली ती गोड धून आली, की अजून पुढं ढकलतो."