तलाव, क्रीडांगण आणि प्रादेशिकता

प्रादेशिकता म्हणजे ग्रामजीवन, हे समीकरण आपल्या समीक्षेत रूढ आहे. स्मृती श्रीनिवास यांचा ‘लँडस्केप्स ऑफ अर्बन मेमरी’ (२००१) हा बंगळूरविषयक ग्रंथ वाचताना ते अपुरे वाटू लागते. नगरविस्तारात संपंगी तलाव आटविण्यात आला. त्याच्या पात्रात कंठीरव क्रीडांगण उभे राहिले. परंतु तिगळ समाजाची द्रौपदी-करगाची यात्रा आजही त्या तलावाच्या अवशेषापाशी येते. द्रौपदीचे सैनिक मानले जाणारे वीरकुमार गरडीशी, म्हणजे तालमीशी, नाते राखून असतात. राज्यसत्ता भूमीचा नकाशा बदलते. समाजाच्या देहात मुरलेली स्मृती तिच्या आज्ञेने पुसली जात नाही. मात्र त्या स्मृतीने तलावही परत येत नाही. हा ताण पेलणारी महानगरीय कादंबरी ‘बनगरवाडी’इतकीच (१९५५) प्रादेशिक मानली पाहिजे.