रोहिणी म्हणजे पाण्याचा नळ नव्हे

हृदयविकाराविषयी बोलताना आपण शिक्षक फळ्यावर एक चित्र हमखास काढतो. दोन समांतर रेघांची नळी, तिला आतून चढलेला पिवळा थर आणि मधून कसेबसे वाट काढणारे रक्त. जोडीला दृष्टान्तही ठरलेला. क्षार साचून जसा पाण्याचा नळ चोंदतो, तशी कोलेस्टेरॉल साचून रोहिणी चोंदते. चित्र सोपे आहे, पण दोन ठिकाणी ते चुकते.

पहिली चूक एखादा चौकस विद्यार्थीही दाखवून देईल. शरीरभर एकच रक्त फिरते, त्यातले कोलेस्टेरॉलही तेच. मग थर सगळीकडे सारखा का धरत नाही? मानेतील रोहिणी दुभंगते तेथे, हृदयाच्या रोहिण्यांच्या फाट्यांपाशी आणि वळणांच्या आतल्या बाजूस तो आधी दिसतो. सरळ भाग पुष्कळ काळ स्वच्छ राहतात. नळाच्या दृष्टान्तापाशी याला उत्तर नाही.

उत्तर प्रवाहात सापडते. तळहात टेबलावर दाबून धरा, हा झाला दाब. आता तोच हात पुढे सरकवा, ही झाली घसट. भौतिकशास्त्रात घसटीच्या या जोराला कर्तन प्रतिबल म्हणतात. १०० मिलिमीटर पाऱ्याचा रक्तदाब म्हणजे सुमारे १३,३०० पास्कल. निरोगी रोहिणीच्या सरळ भागात घसट असते साधारण १ ते २ पास्कल. एवढ्याशा घसटीने काय होणार, असे कोणालाही वाटेल.

शास्त्रज्ञांचाही आधी वेगळाच अंदाज होता. १९६८ मध्ये अमेरिकेतील डोनाल्ड फ्राय यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवले, की घसट सुमारे ३८ पास्कलपर्यंत वाढली की रोहिणीच्या आतल्या पेशींना इजा होते. तेव्हा जोराची घसट हेच रोगाचे मूळ असावे, असे वाटणे साहजिक होते. पण लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील कॉलिन कॅरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये उलट मांडणी केली. माणसांच्या रोहिण्यांत रोगाचे पहिले डाग कमी घसटीच्या जागी पडतात, असे त्यांना आढळले. १९८५ मध्ये कू, गिडन्स, झारिन्स आणि ग्लागोव्ह यांनी मानेतील रोहिणीच्या प्रतिकृतीत प्रवाह मोजला आणि तो शवविच्छेदनात दिसलेल्या थराशी ताडून पाहिला. जेथे घसट कमी आणि तिची दिशा सतत मागेपुढे होणारी, तेथेच थर जाड होता.

येथे नदीच्या संथ वळणावर साचणाऱ्या गाळाचा दृष्टान्त देण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण त्यातही चित्राची दुसरी चूक तशीच राहते. नळ निर्जीव असतो, रोहिणीची भित्ती जिवंत असते. तिच्या आत एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर असते आणि या पेशींना घसट जाणवते. प्रवाह सुरळीत असला की त्या त्याच्या दिशेने लांबट होतात व नायट्रिक ऑक्साइड तयार करतात. त्याने रोहिणी सैलावते, रक्तकणिका चिकटत नाहीत. प्रवाह घोटाळतो तेथे या पेशी पांढऱ्या पेशींना धरून ठेवणारे रेणू पृष्ठभागावर आणतात, कोलेस्टेरॉलवाहक कण अस्तराखाली शिरून अडकतात आणि दाह सुरू होतो. म्हणजे थर नळीच्या आत बसत नाही, भित्तीच्या आत वाढतो.

अर्थात प्रवाहालाच एकमेव गुन्हेगार ठरवणेही चूक आहे. फाटे आणि वळणे प्रत्येकाच्या शरीरात असतात, पण रोगाचा जोर सर्वांत सारखा नसतो. रोग किती बळावतो हे कोलेस्टेरॉल, धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह यांवर बरेच अवलंबून असते. तो कोठे रुजतो हे मुख्यतः प्रवाह सांगतो.

हा निव्वळ शब्दच्छल नाही. रोहिणी म्हणजे नळ, असे मनात बसले की नळ धुऊन काढणारा काढा खरा वाटू लागतो. अँजिओप्लास्टीने नळ मोकळा झाला, आता गोळ्या कशाला, असेही वाटते. फुग्याने एक जागा रुंद होते. बाकीची भित्ती होती तशीच राहते.

तेव्हा पुढच्या वेळी फळ्यावर सरळ नळी न काढता दुभंगणारी काढावी. आतून पेशींची एक ओळ आखावी, थर त्या ओळीच्या खाली दाखवावा आणि तो तेथेच का, हा प्रश्न आधी मुलांना विचारावा.