बकवधपर्वातील अभयवचन आणि ‘तारण’ ही कल्पना

नागपूरहून वर्ध्यास जाणाऱ्या रस्त्यावर, सेलू तालुक्यात, केळझर हे गाव लागते. महाभारतातील एकचक्रा नगरी ती हीच, अशी तेथील स्थलपरंपरा आहे. टेकडीवरील सिद्धिविनायकाची स्थापनाही ती पांडवांकडे नेते. असाच मान खानदेशातील एरंडोल, बिहारातील आरा आणि बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील एकचक्रा ही गावेही सांगतात. हा वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. ज्या कथेचा वारसा केळझर सांगते, त्या कथेत माणसे तारली जातात, पण देव प्रकट होत नाही. असे असता ईश्वराच्या तारक वचनावर विसंबणाऱ्या भाविकास या कथेत आपले काही सापडते, ते कशामुळे?

बकवधाकडे सामान्यतः भीमपराक्रमाची कथा म्हणूनच पाहिले जाते. कीर्तनातून आणि बालवाङ्मयातून गाडाभर अन्न फस्त करणारा भीम तेवढा उरतो; ‘बकासुर’ हा शब्द तर मराठीत खादाडाचे टोपणनाव होऊन बसला आहे. मूळ संहितेचा तोल मात्र असा नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या, सुखटणकरसंपादित आदिपर्वात (1933) हे उपपर्व 145 ते 152 या अध्यायांत येते. त्यात युद्धाला मिळालेली जागा थोडी आहे. एका घरातील रडण्याला आणि बोलण्याला मिळालेली जागा पुष्कळ आहे. भाताचा गाडा, दोन रेडे आणि ते नेणारा माणूस हा राक्षसाचा ठरलेला कर. राजा दुर्बळ, म्हणून पाळी चुकत नाही. ब्राह्मण पत्नीस म्हणतो, हे गाव सोडून जाऊ असे मी पूर्वीच सांगितले होते, तू माहेरच्या माणसांसाठी ऐकले नाहीस. पत्नी स्वतः जाण्यास निघते, मुलगी निघते. बोबडे बोलणारा मुलगा हातातील गवताची काडी दाखवून, हिनेच राक्षसाला मारीन म्हणतो. त्या क्षणी सारे दुःख विसरून हसतात. निराशेचे इतके बारकाईने केलेले चित्रण करुणरसाच्या निर्मितीपुरते असते, तर हे हसू कवीने मध्ये आणले नसते.

ब्राह्मणाच्या बोलण्यातील एक तपशील सहसा दुर्लक्षिला जातो. आपल्या जागी पाठविण्यासाठी माणूस विकत घ्यावा, तर तेवढे द्रव्य आपणाजवळ नाही, असे तो सांगतो. म्हणजे सुटकेची किंमत आहे आणि ती भरण्यास घरात काही नाही. कुंती येते ती नेमकी येथे. ती उपदेश करीत नाही, ‘सारे ठीक होईल’ असेही म्हणत नाही. मला पाच पुत्र आहेत, त्यांतील एक जाईल, एवढेच ती सांगते.

मराठी भाषेने या प्रसंगासाठी जणू एक शब्द राखून ठेवला आहे. ‘तारण’ म्हणजे उद्धार. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात तर मुक्तीसाठी हाच शब्द रूढ आहे. आणि ‘तारण’ म्हणजे कर्जाच्या हमीसाठी ठेवलेली वस्तूही. सावकाराच्या वहीतला आणि प्रार्थनेतला शब्द एकच असावा, हा योगायोग म्हणून सोडून द्यावा असे वाटत नाही. कुंती वचन देते आणि त्या वचनाला तारण म्हणून स्वतःचा पुत्र लावते. ख्रिस्ती वाचकास येथे पित्याने दिलेल्या पुत्राचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविक आहे. मात्र कुंतीचा पुत्र मरण्यासाठी जात नाही, हा भेद पुसून टाकता येणार नाही.

यावर आक्षेप असा की, भीम जिंकणार हे कुंतीस ठाऊकच होते, मग तिने पणास लावले काय? ती स्वतःही प्रमाणे देते: तान्हा असता हा मांडीवरून पडला तो शिळाच फुटली, लाक्षागृहातून यानेच आपणांस बाहेर काढले, हिडिंबास यानेच मारले. परंतु युधिष्ठिराचा संताप पाहावा. ज्याच्या बाहुबळावर आपण निर्धास्त झोपतो, ज्याच्या भरवशावर राज्य परत मिळण्याची आशा धरतो, त्यालाच तू देऊन टाकतेस, असे तो आईस विचारतो. कुंतीने दुसऱ्याच्या आशेसाठी लावले ते आपल्या कुटुंबाच्या सगळ्या आशेचे तारण होते. शिवाय ब्राह्मण हे वचन एकदम स्वीकारीत नाही; अतिथीचा जीव देऊन आपला जीव राखणे त्याला अधर्म वाटते. हा नकार हे या पर्वातील सर्वांत उंच स्थळ आहे, असे माझे मत आहे. हपापून पकडलेल्या आधारापेक्षा विचारून घेतलेला विश्वास वेगळा असतो, हे तेथे दिसते.

पुढे गीतेच्या नवव्या अध्यायात, आपल्या भक्ताचा नाश होत नाही, हे वचन भगवंत देतात तेव्हा संबोधन ‘कौंतेय’ आहे आणि क्रियापद आज्ञार्थी आहे: ‘प्रतिजानीहि’, तू प्रतिज्ञा कर. देवाने स्वतः प्रतिज्ञा न करता भक्ताकडून का करविली, हा प्रश्न टीकाकारांना पडला. विश्वनाथ चक्रवर्तींचे उत्तर असे की, भगवंत प्रसंगी आपली प्रतिज्ञा मोडतो, भक्ताची मोडू देत नाही. भीष्मासाठी शस्त्र न धरण्याचा नेम मोडणाऱ्या कृष्णाकडे पाहता हे उत्तर लागू पडते. ‘कौंतेय’ हे संबोधन गीतेत वारंवार येते, त्यामुळे त्यावर फार भार टाकू नये. तरीही एकचक्रेत आईने दिलेला शब्द आठवणाऱ्या वाचकास ते येथे निरर्थक वाटणार नाही.

बकापासूनची सुटका म्हणजे मोक्ष नव्हे, हे उघड आहे. उद्याचा भात सुखाने खाता यावा, एवढाच तिचा आवाका आहे. पण आशेची घडण दोन्हींकडे सारखीच आहे. ब्राह्मणाच्या घरातले रडणे बक मेल्यावर थांबत नाही, वचन मिळाल्यावरच थांबते. भीम गाडा घेऊन निघाला तेव्हा राक्षस जिवंतच होता.

आणखी एक गोष्ट. कुंती ब्राह्मणाकडून गुप्ततेचे अभिवचन घेते. बक मेल्यावर नगरवासी विचारावयास येतात, तेव्हा तो भीमाचे नाव सांगत नाही. कोणा मंत्रसिद्ध ब्राह्मणाने हे केले, असे सांगतो. लोक त्यावर विश्वास ठेवून उत्सव मांडतात. ज्याने तारले त्याचे नाव एकचक्रेला कळलेच नाही. केळझरच्या टेकडीवर आज ज्याला हात जोडले जातात, त्याच्या हातून तो बक मेला असे कोणतीही पोथी सांगत नाही. लोकांनी मात्र ती रिकामी राहिलेली जागा सिद्धिविनायकाला दिली आहे.