गीताचे गाजणे : प्रसार आणि विनियोग

एखादे गीत गाजते तेव्हा त्याचे कारण त्याच्या संहितेत शोधावे की संहितेबाहेर, हा लोकप्रिय वाङ्मयाच्या विचारातील मूलभूत प्रश्न आहे. थिओडोर अडोर्नो यांनी १९४१ मध्ये त्याचे उत्तर संहितेबाहेर दिले. गीते एका साच्याची असतात. नभोवाणी त्यांतले एखादे पुनःपुन्हा वाजवते आणि श्रोता ओळखीलाच आवड मानू लागतो, असे त्यांचे प्रतिपादन. सालगानिक, डॉड्स आणि वॉट्स यांच्या २००६ मधील प्रयोगात १४ हजारांहून अधिक श्रोत्यांपुढे ४८ अपरिचित गीते ठेवली गेली. इतरांची पसंती दिसू लागताच एकाच गीताचे भवितव्य गटागटांत निराळे ठरले. केवळ अतिशय सरस गीते सहसा मागे पडली नाहीत.

या दोन्ही विवेचनांतला श्रोता गीत ऐकतो, निवडतो. ते वापरत नाही. मनमाड–छत्रपती संभाजीनगर लोहमार्गावरील लासूर स्टेशनसारख्या बाजारपेठेच्या गावात गीत मुख्यतः वापरले जाते : वरातीत, जयंतीच्या मिरवणुकीत, उत्सवात. या विनियोगाच्या अंगाने पाहिले असता गाजण्याच्या दोन परी वेगळ्या दिसतात.

‘सैराट’ (२०१६) मधील अजय-अतुल यांचे ‘झिंगाट’ ही पहिली परी. नाचणाऱ्या कोणालाही त्यातला ‘मी’ होता येतो. शब्द कळण्यापूर्वीच ठेका अंगात भिनतो. म्हणूनच २०१८ च्या ‘धडक’मध्ये भाषा बदलूनही चाल टिकली. परंतु नागराज मंजुळे यांचा चित्रपट जातीच्या प्रतिष्ठेपायी होणाऱ्या हत्येपाशी संपतो, आणि जात पाहून जुळवलेल्या लग्नाच्या वरातीतही हे गीत निर्वेधपणे वाजते. त्याचा विस्तार संदर्भ गळण्याच्या मोलाने झाला आहे.

वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीते ही दुसरी परी. जलसे, गायनपार्ट्या आणि पाठांतर यांतून ती खेडोपाडी पोहोचली. पुनरावृत्ती येथेही आहे; मात्र ती उद्योगाने लादलेली नसून समूहाने स्वतः केलेली आहे. संतांच्या नाममुद्रेप्रमाणे कडव्यात येणारे ‘वामन’ हे नाव गायकागणिक पुढे जात राहिले. १९७८ च्या ठरावापासून १९९४ च्या नामविस्तारापर्यंतच्या मराठवाड्यात अशा शाहिरीला प्रबोधनाचे प्रयोजन होते. ते प्रयोजन वगळून ही गीते गाताच येत नाहीत. त्यामुळे त्यांचा अर्थ शाबूत राहिला. पण ती त्या समूहाबाहेर फारशी गेली नाहीत, आणि भावगीत व चित्रपटगीत यांभोवती फिरणाऱ्या अभिरुचीने त्यांना ‘लोकप्रिय’ या कोटीत क्वचितच गणले.

येथे गाजण्याची मोजपट्टीच संशयास्पद ठरते. कोणाचे कान मोजले, हे ठरल्याशिवाय गीत गाजले की नाही हे सांगता येत नाही. विक्रीच्या आकड्यांवरून प्रसार कळेल. गीत कोणत्या प्रसंगी, कोणाच्या तोंडी आणि कोणत्या अर्थासह जगले याचा शोध समीक्षेलाच घ्यावा लागेल.