वांकड्या नाण्यांची साक्ष : तऱ्हाळ्याचा ठेवा आणि संग्राहकांची दृष्टि

आमच्या वऱ्हाडांतील कांहीं संग्राहक स्नेह्यांस अलीकडे रोमन नाण्यांची गोडी लागली आहे. त्यांच्या बैठकींत नवें नाणें आलें म्हणजे प्रथम त्याची गोलाई पाहिली जाते, मग सम्राटाचा मुखवटा मध्यभागीं आहे कीं नाहीं हें पाहतात, आणि अक्षरें वाचण्याची पाळी सर्वांच्या शेवटीं येते. कांठ फाटलेलें, एका अंगास ओढलेलें किंवा छिन्नीचा घाव बसलेलें नाणें ‘वांकडें’ म्हणून बाजूस सारलें जातें. ह्या निवडीविषयीं चार शब्द टीकेचे लिहावे असें आम्हांस फार दिवसांपासून वाटत होतें. ह्या प्रकरणांतील पहिले अपराधी आम्ही स्वतः आहों हेंही आरंभींच सांगून टाकतों.

प्रथम रोमन नाण्यांचाच विचार करूं. तीं यंत्रानें पाडलेलीं नसत. तापविलेली धातूची चकती दोन ठशांमध्यें धरून वर हातोड्याचा घाव घालीत. घाव तिरपा बसला कीं चकती एका बाजूस पसरे, आणि ठसा मध्यभागीं न बसल्यास कांठावरील अक्षरें चकतीबाहेर जात. म्हणजे थोडाबहुत वांकडेपणा हा त्या नाण्याचा जातिधर्मच होय. ह्याशिवाय कित्येकदां वांकडेपणा मुद्दाम केलेला असे. रोमन प्रजासत्ताकाच्या काळांतील कांहीं रुप्याच्या दिनारांचे कांठ करवतीप्रमाणें दांतेरी आहेत, आणि जर्मन लोकांस असलीं नाणीं विशेष आवडत असें टॅसिटस लिहितो. ऑगस्टसच्या वेळीं गॉल प्रांतांत तांब्याचीं नाणीं मधोमध तोडून अर्ध्या किंमतीस चालवीत. आपल्याकडील उदाहरण पाहिजे असल्यास पुदुक्कोट्टई संस्थानांत १८९८ सालीं सांपडलेला ५०१ सोन्याच्या नाण्यांचा ठेवा पाहावा. त्यांतील बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या मस्तकावर छिन्नीचा घाव आहे. हीं झिजलेलीं नाणीं चलनांतून काढण्यासाठीं असें केलें असावें, असें विद्वान् मानतात. हे घाव नसते, तर दक्षिणेंत रोमन सोनें कसें पारखलें जाई ह्याचा एक मोठा पुरावा आपणांस मुकावा लागला असता. सौंदर्याच्या दृष्टीनें जो डाग, तोच इतिहासाच्या दृष्टीनें लेख होय.

तथापि रोमन नाण्याच्या बाबतींत एक सोय आहे. भारतांत ज्याचीं नाणीं पुष्कळ सांपडतात त्या तिबेरियसच्या दिनारावरील लेख ठराविक आहे. दिव्य ऑगस्टसाचा पुत्र तिबेरियस सीझर ऑगस्टस, असें तें बिरुद हजारों नाण्यांवरून आणि ग्रंथांवरून सर्वांस पाठ झालेलें आहे. चार अक्षरें तुटलीं तरी अभ्यासक तीं घरबसल्या भरून काढतो. तुटकें नाणें टाकणाऱ्या युरोपीय हौशी माणसाची हानि म्हणूनच मर्यादित असते. परंतु तीच सवय आमच्या संग्राहकांनीं सातवाहनांच्या नाण्यांस लावावी, हें आम्हांस घातक वाटतें. रोमन नाण्यावरील अक्षर गेलें तर नाण्याची शोभा जाते. सातवाहन नाण्यावरील अक्षर गेलें तर एखादा राजाच जातो.

हें विधान अतिशयोक्तीचें वाटूं नये म्हणून आमच्याच जिल्ह्यांतील दाखला देतों. रिसोडाहून वाशीम ओलांडून पूर्वेस गेलें म्हणजे मंगरूळपीर तालुका लागतो. त्या तालुक्यांतील तऱ्हाळा गांवीं १९३९ सालीं सुमारें १६०० सातवाहन नाण्यांचा ठेवा सांपडला. तेव्हां हा भाग अकोला जिल्ह्यांत होता. वाशीम हा निराळा जिल्हा १९९८ सालीं झाला. हीं नाणीं पोटीन नांवाच्या, तांबें, कथील व शिसें ह्यांच्या मिश्र धातूचीं आहेत. एका बाजूस सोंड वर केलेला हत्ती व त्याच्या भोंवतीं ब्राह्मी लेख, आणि दुसऱ्या बाजूस चार वर्तुळें जोडलेलें उज्जयिनी चिन्ह, असें त्यांचें स्वरूप आहे. धातु ठिसूळ असल्यामुळें कांठ तुटतात, आणि ठशाच्या मानानें चकती लहान असल्यामुळें संपूर्ण लेख एका नाण्यावर क्वचितच उतरतो. एकावर लेखाचा आरंभ, दुसऱ्यावर मध्य, तिसऱ्यावर नुसता शेवट, अशी स्थिति असते.

आतां लेखाची रचना पाहावी. प्राकृतांत ‘रञो’ म्हणजे राज्ञः, ‘सिरि’ म्हणजे श्री, पुढें राजाचें विशेषनाम, आणि शेवटीं ‘सातकणिस’ म्हणजे सातकर्णेः. ह्या वंशांतील अनेक राजे सातकर्णि म्हणविणारे. त्यामुळें शेवट वाचून राजा ओळखतां येत नाहीं. राजा ओळखावयाचा तो मधल्या दोन अक्षरांवरून, आणि नेमकीं तींच कांठावर तुटलेलीं असतात. तऱ्हाळ्याच्या ठेव्यांतून कुंभ सातकर्णि, कर्ण सातकर्णि आणि शक सातकर्णि हे तीन राजे उजेडांत आले. पुराणांच्या वंशावळींत ह्या तिघांचें नांव नाहीं. त्यांचें राज्य होतें हें आपणांस ह्या ओबडधोबड तुकड्यांनींच सांगितलें.

ह्या ठेव्याचें वाचन महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी ह्यांनीं १९४० सालीं भारतीय नाणकशास्त्र परिषदेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. त्या वाचनाचें खरें बळ नाण्यांच्या संख्येंत आहे असें आम्हांस वाटतें. एका नाण्याची त्रुटि दुसऱ्यानें भरून निघावी, इतकीं नाणीं एकत्र होतीं. ह्याच्या उलट, १९०८ सालीं रॅप्सन ह्यांनीं सिद्ध केलेली ब्रिटिश म्युझियमची आंध्र व पश्चिम क्षत्रप नाण्यांची सूचि पाहावी. तो ग्रंथ ह्या विषयाचा पाया आहे, आणि संशयित अक्षरें कंसांत घालण्याची त्यांची शिस्त आजही अनुकरणीय आहे. परंतु सूचीची मांडणी राजवार व प्रकारवार असल्यामुळें एका जागीं सांपडलेलीं नाणीं निरनिराळ्या पानांवर विखुरतात. चांद्याच्या पोटीन नाण्यांचेंही तसेंच झालें. संग्रहालयाच्या सूचीस ही मांडणी क्षम्य आहे. पण आमचे संग्राहक आपल्या पेटींतही तिचेंच अनुकरण करितात, हें मात्र क्षम्य नाहीं. मिराशींच्या लेखासही एक मर्यादा आहेच. सोळाशें नाण्यांचीं चित्रें देणें कोणत्याही नियतकालिकास शक्य नाहीं. तेव्हां पुढील अभ्यासकास वाचन पडताळून पाहावयाचें तर मूळ ठेवा अखंड राहिला पाहिजे, दुसरा उपाय नाहीं.

संपूर्ण ठेवा मोजल्यानें काय साधतें ह्याचें दुसरें उदाहरण नाशिकजवळील जोगळटेंभीचें. तेथें १९०६ सालीं नहपानाचीं सुमारें १३,२५० रुप्याचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला होता. कोणी सौंदर्यलोलुप संग्राहकानें त्यांतून नहपानाचे स्वच्छ मुखवटे तेवढे निवडून घेतले असते आणि ‘बिघडलेलीं’ नाणीं सोनाराच्या मुशींत गेलीं असतीं, तर जिंकणाऱ्याची साक्ष वितळून गेली असती आणि हरलेल्याची तेवढी उरली असती.

आतां आमचा अपराध. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीं आम्ही रिसोडास शिक्षक असतां एका आठवडी बाजाराच्या दिवशीं एका तांबटाच्या दुकानीं मोडींत आलेलीं कांहीं नाणीं पाहावयास मिळालीं. पितळेच्या वाटींत पन्नासएक असतील. हत्ती ओळखूं आला, आणि आम्हांस मोठा आनंद झाला. आम्हीं त्यांतून अकरा नाणीं निवडलीं. अर्थात् जीं गोल होतीं तींच. तुटकीं व ओढलेलीं वाटींतच राहिलीं. तीं कोणत्या शेतांत सांपडलीं, कोणीं आणलीं, हें विचारण्याचेंही सुचलें नाहीं. पुढें दोन वर्षांनीं मिराशींचा लेख वाचनांत आला. घरीं येऊन आमचें एक नाणें भिंगाखालीं धरलें, तों ‘सातकणिस’ स्पष्ट, आणि त्याच्या आधीं एका अक्षराचा केवळ खालचा अर्धा भाग! तो कोणत्या राजाच्या नांवाचा, हें त्या वाटींतील एखाद्या वांकड्या तुकड्यानें कदाचित् सांगितलें असतें. आम्ही धांवत दुकानीं गेलों. तांबटानें शांतपणें सांगितलें, “गुरुजी, तें केव्हांच आटवलं. तुम्हीच तर नको म्हणालां होतां.” ह्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आजही नाहीं.

विशेष खेदाची गोष्ट ही कीं, आम्ही संस्कृताचे विद्यार्थी. पोथी खंडित असली तरी ती टाकूं नये, हें आम्हीं विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षें सांगत आलों. ह्या त्रैमासिकाचे वाचक वाळवीनें खाल्लेलें पानही जपून ठेवतात, कारण त्यावर पुष्पिका असूं शकेल. भांडारकर संस्थेनें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, ती सुंदर अक्षराची एकच पोथी निवडून नव्हे. नाना लिप्यांतील, नाना प्रकारें त्रुटित अशा पोथ्या ताडून पाहून. नाण्यांचें वाचन हें त्याच जातीचें पाठसंशोधन आहे. प्रत्येक वांकडें नाणें ही त्या लेखाची एक खंडित प्रत होय. पोथीस जो न्याय, तो नाण्यास कां नसावा?

ह्यावर असा आक्षेप येईल कीं, सर्वच तुकडे ठेवूं लागल्यास पेट्या पुरणार नाहींत, आणि ज्यावर एकही अक्षर नाहीं त्याचा उपयोग काय? आक्षेपांत तथ्य नाहीं असें नाहीं. पण अक्षर नसलेल्या नाण्याचेंही वजन करतां येतें, धातु पाहतां येतो, ठसा जुळवितां येतो. पोटीनाचे दोनशें तुकडे एका जुन्या खणांत मावतात. आणि जागाच अपुरी असेल तर सुबक नाणीं दुसऱ्यास द्यावीं हें बरें. तसलीं अन्यत्रही मिळतील.

म्हणून संग्राहक बंधूंस आमची नम्र सूचना इतकीच. एका ठेव्यांतील नाणीं एकाच पिशवींत ठेवावीं व तींत गांवाचें, शेताचें नांव आणि दिनांक लिहून टाकावा. प्रत्येकाचें वजन करावें, आणि कागदावर ठेवून पेन्सिलीनें कांठ उतरून घ्यावा, म्हणजे वांकडेपणाचीही नोंद होते. जेवढीं अक्षरें दिसतात तेवढींच लिहावीं. तर्कानें भरलेलीं कंसांत घालावीं. नाणीं आम्ल लावून घासूं नयेत. आणि पुरलेला ठेवा सांपडल्यास १८७८ च्या निधि-कायद्यान्वयें दहा रुपयांहून अधिक किंमतीची वस्तु जिल्हाधिकाऱ्यास कळविणें अवश्य आहे, हें सांपडविणाऱ्या शेतकऱ्यास भीति न घालतां समजावून द्यावें. भ्यालेला माणूस तांबटाकडे जातो.

आमचीं अकरा गोल नाणीं अद्याप आमच्यापाशीं आहेत. पाहावयास येणारे त्यांची स्तुति करितात. आम्हांस मात्र त्यांकडे पाहिलें कीं वाटींत उरलेलीं आठवतात.