मुलांचा रक्तदाब : कोणाच्या सरासरीशी तुलना?

बी.एड.ला मूल्यमापन शिकताना प्रमाणित गुण आपण सर्वांनीच काढले आहेत : मिळालेल्या गुणांतून सरासरी वजा करायची आणि उरेल त्याला प्रमाण विचलनाने भागायचे. मुलांच्या रक्तदाबावरील संशोधनातही हेच करतात. फरक इतकाच, की मुलांचा दाब वय आणि उंची यांबरोबर वाढतो, म्हणून सरासरी प्रत्येक मुलासाठी वेगळी काढावी लागते.

अमेरिकेतील २००४ सालच्या अहवालात त्यासाठी सूत्र दिले आहे. त्यानुसार दहा वर्षांच्या, मध्यम उंचीच्या मुलग्याचा वरचा दाब सरासरी १०२.२ मिमी (पारा) आणि प्रमाण विचलन १०.७ येते. दाब ११४ भरला, तर (११४ − १०२.२) ÷ १०.७ = १.१. म्हणजे शंभरातली सुमारे ८६ मुले त्याच्या खाली. तोच मुलगा उंचीत एक प्रमाण विचलन पुढे असता, तर अपेक्षित सरासरी अडीच मिमीने वर गेली असती आणि गुण ०.८७ झाला असता. दहावीच्या वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे.

इथवर सूत्र आम्हांला आवडते. पण १०.७ हे विचलन वर्षाच्या बाळालाही तेच आणि सतरा वर्षांच्या मुलालाही तेच, हे सोयीचे गृहीतक आहे, त्याहून अधिक काही नाही.

खरा प्रश्न २०१७ साली उभा राहिला. अमेरिकन बालरोग अकादमीने नव्या तक्त्यांतून जादा वजनाची आणि स्थूल मुले वगळली. सीमारेषा काही मिमी खाली आल्या. आपला ११४ वाला मुलगा आता नव्वदाव्या शततमकाच्या वर गेला. मुलात काहीच बदलले नाही, बदलला तो वर्ग. वगळणे आम्हांला पटते : वर्गात स्थूल मुले वाढली की सरासरीच चढते आणि चढलेला दाब तिच्यात लपतो. पण मग 'शंभरात कितवा' या उत्तराचा अर्थही बदलतो. 'गुण १.५' असे लिहून कोणता तक्ता ते न सांगणारा शोधनिबंध दुसऱ्या निबंधाशी ताडून पाहता येत नाही.

आपल्याकडे आणखी एक फसगत होऊ शकते. २००४ च्या सूत्राला उंचीचा गुण अमेरिकेच्या २००० सालच्या आलेखांवरचा लागतो. त्या जागी भारतीय बालरोग अकादमीच्या २०१५ च्या आलेखांवरचा गुण घातला, तर मूल आहे त्याहून उंच ठरते, अपेक्षित दाब वाढतो आणि चढलेला दाब नेमस्त दिसतो.

शिवाय हे दोन्ही तक्ते स्टेथोस्कोपने ऐकून मोजलेल्या दाबांवर बेतलेले आहेत. स्वयंचलित यंत्राचा आकडा वेगळा येऊ शकतो, आणि दंडाला लहान पट्टा बांधला तर तो जास्त भरतो. निबंधात यंत्र आणि पट्टा यांची माहिती नसेल, तर दशांश स्थळे मोजण्याआधी ती मागावी.