‘अंगारे’ : जप्तीनंतरचे वाचन

‘अंगारे’चे नाव मी प्रथम बी.एड.ला असताना ऐकले. वर्गात बाजूने आणि विरोधात चांगलीच चर्चा रंगली. पुस्तक मात्र कुणीच वाचलेले नव्हते. तावातावाने बोलणाऱ्यांत मीही होते.

डिसेंबर १९३२ मध्ये लखनौत हा संग्रह निघाला. नऊ कथा आणि एक नाटिका. लेखक चार : सज्जाद जहीर, अहमद अली, रशीद जहाँ आणि महमूदुज्जफर. मशिदींतून, उर्दू वृत्तपत्रांतून निषेध सुरू झाला आणि मार्च १९३३ मध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने कलम २९५अ खाली पुस्तक जप्त केले. पाच प्रती वगळता बाकीच्या नष्ट झाल्या. त्या पाचांपैकी दोन लंडनला गेल्या. ज्या सरकारने पुस्तक मारले, त्याच्याच दप्तरात ते जिवंत राहिले. बंदीची मागणी मात्र आपल्याच लोकांची होती. पुढे १९९५ मध्ये खालिद अल्वी यांनी दिल्लीत ते पुन्हा छापले, आणि ई-ग्रंथालयामुळे ते माझ्या मोबाईलवर आले.

वाचले आणि थोडी निराश झाले, हे कबूल करते. जहीर यांच्या पाच कथांत धिटाई आहे, ‘नींद नहीं आती’त मनातल्या तुटक विचारांमागे धावण्याची नवी रीतही आहे, पण माणसांपेक्षा चीडच जास्त दिसते. रशीद जहाँ यांची ‘दिल्ली की सैर’ जेमतेम काही पानांची. नवरा बायकोला सामानाजवळ फलाटावर बसवून मित्राबरोबर निघून जातो. बुरख्याआडून तिला दिसते ती स्टेशनातली गर्दी, तीच तिची दिल्ली. एवढीच गोष्ट, पण संग्रहात तीच टिकते. बंदीने हे ठरवण्याचा, पुस्तकाला कच्चे म्हणण्याचाही, आपला हक्क साठ वर्षे काढून घेतला होता.

आता दुसरे कुलूप आहे कॉपीराइटचे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. रशीद जहाँ १९५२ मध्ये वारल्या, त्यांचे लेखन २०१२ अखेर मुक्त झाले. जहीर (मृत्यू १९७३) यांचे २०३३ पर्यंत, अहमद अली (मृत्यू १९९४) यांचे तर २०५४ पर्यंत बांधलेले आहे. एकाच पुस्तकातली काही पाने खुली, काही बंद! लेखकाच्या कुटुंबाला मोबदला मिळालाच पाहिजे, यात वाद नाही. पण २०१७ च्या ऑगस्टमध्ये दोन हिंदी चित्रपटांच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाने आदेश दिले आणि ‘इंटरनेट अर्काइव्ह’चे अख्खे संकेतस्थळच भारतात काही काळ बंद पडले. जुन्या पुस्तकांचा त्यात काय दोष?

आपल्या मराठीतले पाहा. अमर शेख १९६९ मध्ये गेले, त्यांचे लेखन २०२९ अखेर मुक्त होईल. हमीद दलवाई यांचे २०३७ अखेर. ही झाली मोठी नावे. पण सोलापूरला १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याच्या आगेमागे छोट्या अंकांतून लिहिणाऱ्यांचे वारस कोण, परवानगी मागायची कुणाकडे? २०१२ च्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडील छापील पुस्तक जतनासाठी संगणकावर साठवण्याची मुभा दिली आहे. मात्र अट अशी की, छापील प्रत आधी त्या ग्रंथालयात असली पाहिजे. हे अंक तर अजून आपल्या घरांतल्या पेट्यांत आहेत.